घोडे पकडून प्रश्न सुटणार नाही

महोदय,

रविवारच्या अंकातली, अमेरिकेचं सरकार जास्तीचे रानघोडे हेलिकॉप्टरने हाकून पकडतं ती बातमी वाचली. फोटोत वर हेलिकॉप्टर, खाली धुरळा उडवत पळणारा कळप आणि मथळ्यात 'क्रौर्य'. त्यावर पुढे दोन वाचकांची पत्रंही आपण छापलीत. एकांचं म्हणणं असं की तिथे माणसांपेक्षा मोकळी जमीन जास्त, मग घोड्यांना सुखाने राहू द्यावं, सरकारने मध्ये पडूच नये. दुसऱ्यांच्या मते हे सगळे श्रीमंत देशाचे चोचले. जास्तीचे घोडे गोळ्या घालून संपवावेत आणि मोकळं व्हावं.

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. नंदुरबारकडे असताना सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे तपासायची ड्यूटी लागायची, त्यामुळे बैलाइतका नसला तरी घोडा मला बऱ्यापैकी कळतो. हल्ली वर्षातले काही महिने लेकीकडे असतो, नेवाडा राज्यात, रेनो शहरात. अमेरिकेच्या सरकारी कुरणांवर जे रानघोडे आहेत त्यातले निम्म्याच्या आसपास याच एका राज्यात. बातमीत हेलिकॉप्टर दिसलं, पण या सगळ्या कारभारात पैसा कुठे जातो आणि कुठे जायला हवा ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय.

आधी 'सुखाने राहू द्या'बद्दल. या घोड्यांसाठी सरकारने पावणेदोनशेच्या आसपास मुलूख आखून दिले आहेत, मिळून अडीच कोटी एकरांच्या वर. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे केंद्र सरकारचं खातं ते सांभाळतं. या खात्याच्या हिशेबाने एवढ्या जमिनीवर जास्तीत जास्त साडेपंचवीस हजार जनावरं राहू शकतात. (त्यात रानगाढवंही आली, पण घोडेच जास्त.) म्हणजे डोक्यामागे हजार एकर. आपल्याकडच्या कुणालाही हे ऐकून हसू येईल. हजार एकरांत घोडा उपाशी कसा मरेल?

उत्तर पाण्यात आहे. नेवाडा हे अमेरिकेतलं सगळ्यात कोरडं राज्य. वर्षाला सरासरी अडीचशे मिलिमीटरच्या आसपास, तेही बरंचसं बर्फाच्या रूपात. आपण ज्याला कायमचा दुष्काळी म्हणतो त्या माण तालुक्यातही याहून बराच जास्त पडतो. जमिनीवर सेजब्रश नावाचं करडं झुडूप आणि त्याच्या बुडाशी विरळ गवताचे झुबके. एक घोडं दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितं, आणि झरा असतो दहा-पंधरा मैलांवर एखादा. कागदावर हजार एकर असले तरी उन्हाळ्यात सगळा कळप त्या एका झऱ्याभोवतीच फिरणार. तिथलं गवत मुळासकट संपतं, काठाचा चिखल होतो, आणि त्याच पाण्यावर जगणारे हरणासारखे प्राणी, सेज-ग्राउससारखे पक्षी यांची पंचाईत होते. मूळचं गवत गेलं की त्या जागी चीटग्रास नावाचं बाहेरून आलेलं गवत माजतं. ते उन्हाळ्याच्या तोंडालाच वाळून कोळ होतं आणि ठिणगी पडली की डोंगरच्या डोंगर जळतात. जळालेल्या जागी परत आधी तेच उगवतं.

आणि घोडा गाईसारखा चरत नाही हेही लक्षात घ्यायला हवं. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने वेढा घालून गवत ओढते. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे दात, तो जमिनीलगत कुरतडतो. रवंथ नाही, एकच पोट. निकस चाऱ्यातून भागवायचं म्हणून खातोही जास्त. गाय सपाटीला आणि पाण्याजवळ रेंगाळते, घोडा कड्याकपारीत चढून जातो. चरून घेण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. मांजरकुळातला पहाडी सिंह शिंगरं उचलतो, पण तो सगळीकडे नाही. मग कळप दरसाल शेकडा पंधरा ते वीसने वाढतो आणि चार-पाच वर्षांत दुप्पट होतो. हा आकडा सरकारने फुगवलेला नाही, बाहेरच्या शास्त्रज्ञांनीही तो मान्य केला आहे.

मी आपल्याकडे दुष्काळात चारा छावण्यांवर काम केलं आहे. भुकेने जनावर एकदम मरत नाही. आधी अंगावर पिणारं वासरू जातं, मग त्याची आई, मग म्हातारी. धडधाकट नर सगळ्यात शेवटी. रानघोड्यांतही हाच क्रम. 'निसर्गावर सोडा' म्हणणाऱ्या वाचकांनी या क्रमाचा विचार करावा एवढीच विनंती. चारी बाजूंनी महामार्ग, गावं आणि खासगी कुंपणं पडलेली आहेत. पूर्वी कळप पाण्यामागे शंभर मैल निघून जायचा, आता जाणार कुठे?

घोडे इथले मूळचे की उपरे, यावर अमेरिकेत तावातावाने वाद चालतात. घोड्याची जात घडली उत्तर अमेरिकेतच, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी ती तिथून नाहीशी झाली, आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी जहाजांतून परत आणली. पुढे त्यात लष्कराचे, खाणवाल्यांचे, शेतकऱ्यांचे सुटलेले घोडे मिसळत गेले. दोन्ही बाजूंना पुरेल इतका दारूगोळा यात आहे. मला त्यात रस नाही. घोडी मूळची असो की उपरी, चाळीस लिटर पाणी पिणारच.

आता हेलिकॉप्टर. ते मुळात आलं कुठून हे बातमीत यायला हवं होतं, कारण या गोष्टीची सुरुवात रेनोतच झाली. १९५० मध्ये व्हेल्मा जॉन्स्टन नावाची बाई, इथल्या एका विमा कचेरीत सेक्रेटरी, कामावर निघाली असताना तिला पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना दिसलं. कत्तलखान्याकडे चाललेले रानघोडे होते ते, विमानाने हाकलून पकडलेले. बाई त्याच्या मागे लागल्या त्या कायमच्या. लोक चेष्टेने 'वाइल्ड हॉर्स ॲनी' म्हणू लागले, बाईंनी तेच नाव मिरवलं. देशभरच्या शाळकरी मुलांनी खासदारांना पत्रं धाडली. १९५९ मध्ये सरकारी जमिनीवर मोटारी-विमानांनी घोडे पकडायला बंदी आली आणि डिसेंबर १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी रानघोड्यांच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली. संसदेत विरोधाचं एकही मत नव्हतं. कायद्याने घोड्यांना अभय दिलं आणि त्याच कायद्याने सांगितलं की कुरणाचा तोल राखा, जास्तीचे घोडे हलवा. १९७६ मध्ये खात्याला हेलिकॉप्टर वापरायची मुभा मिळाली. म्हणजे जी गोष्ट थांबवण्यासाठी बाईंनी उभं आयुष्य घालवलं ती त्यांच्या हयातीतच मागच्या दाराने परत आली. एवढा फरक झाला की आता शेवटी कत्तलखाना नाही, कोंडवाडा आहे.

हेलिकॉप्टरचं काम मी स्वतः पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. पद्धत अशी: तागाच्या कापडाच्या दोन लांब भिंती नरसाळ्यासारख्या उभ्या करतात, हेलिकॉप्टर कळपाला त्या तोंडाशी आणतं, तिथे एक शिकवलेला घोडा सोडतात, तो पुढे धावतो आणि कळप त्याच्यामागे आत शिरतो. काही जनावरं त्यात मरतात. सरकारी नोंदीप्रमाणे शंभरात एखादं. मान मोडून, पाय मोडून. शंभरात एक म्हणजे थोडं नाही हे मला ठाऊक आहे. पण माझा आक्षेप त्याहून वेगळा आहे: इतकं करून पुढे काय?

पुढचं मी पाहिलं आहे. रेनोच्या उत्तरेला पालोमिनो व्हॅली इथे खात्याचा मोठा कोंडवाडा आहे, कुणीही जाऊन बघू शकतं. जावई घेऊन गेले. लोखंडी पाइपांची रिंगणं, गव्हाणीत लसूणघास, पाण्याचे हौद भरलेले. माझी नजर आपोआप बरगड्यांवर, खुरांवर, डोळ्यांतल्या चिपडांवर गेली. नाव ठेवायला जागा नव्हती. जनावरं आपल्या यात्रेतल्या कित्येक घोड्यांपेक्षा अंगाने बरी होती. प्रत्येकाच्या मानेवर डाव्या बाजूला, आयाळीखाली एक पांढरी खूण. द्रव नायट्रोजनमध्ये गार केलेला शिक्का तिथे दाबून धरतात, त्या जागचे केस पुढे पांढरे उगवतात. आकडे नसतात, काटकोन आणि रेघांची लिपी असते, त्यात जन्माचं वर्ष आणि नंबर. आपल्याकडच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. ना तुटतं, ना कुणी कापून दुसऱ्याच्या कानात घालू शकतं. विम्याच्या दाव्यांची प्रकरणं ज्यांनी हाताळली त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

अशा कोंडवाड्यांत आणि भाड्याने घेतलेल्या खासगी कुरणांवर मिळून आज ६० हजारांहून जास्त जनावरं आहेत. रानात मार्च २०२४ च्या अंदाजाप्रमाणे साडेत्र्याहत्तर हजार. पन्नासेक वर्षांच्या खटाटोपानंतर परिस्थिती अशी की रानात ठरवलेल्या संख्येच्या जवळपास तिप्पट, आणि वर रानाइतकीच जवळपास सरकारच्या दावणीला. २०२३ च्या आर्थिक वर्षात या कार्यक्रमावर पंधरा कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च झाले, त्यातले दोन तृतीयांश नुसते दावणीच्या चाऱ्यापाण्यावर. दत्तक न गेलेला एक घोडा मरेपर्यंत सांभाळायचा तर पंचेचाळीस-पन्नास हजार डॉलर लागतात. रुपयांत चाळीस लाखांच्या घरात. एका घोड्याचे!

दत्तक देण्याची सोय आहे, सव्वाशे डॉलर भरले की कच्चा घोडा मिळतो. पण माणसाचा हात न लागलेलं जनावर घरी नेऊन शिकवणं हे येरागबाळ्याचं काम नाही, त्यामुळे गिऱ्हाईक कमी. मग २०१९ मध्ये सरकारने डोकं लढवलं आणि उलट घेणाऱ्यालाच हजार डॉलर द्यायला सुरुवात केली. आपल्या अनुदानांचा अनुभव असलेल्या माणसाने पुढचं न वाचताच ओळखावं. लोकांनी घोडे घेतले, वर्षभर कुठेतरी उभे केले, मालकीचा कागद आणि हजार डॉलर हातात पडताच लिलावात नेऊन विकले. तिथून पुढचा रस्ता मेक्सिको नाहीतर कॅनडाच्या कत्तलखान्याचा. २०२१ मध्ये वर्तमानपत्रांनी हे बाहेर काढलं, आणि मार्च २०२५ मध्ये डेन्व्हरच्या केंद्रीय न्यायालयाने ती योजना रद्दबातल केली.

आणि इतकी जनावरं एका ठिकाणी कोंडली की रोग आलाच. २०२२ च्या वसंतात कोलोरॅडोतल्या कॅन्यन सिटीच्या कोंडवाड्यात घोड्यांच्या फ्लूची साथ आली आणि १४० हून जास्त घोडे मेले.

या सगळ्यातला विनोद असा की पकडल्याने रानातली वाढ थांबत तर नाहीच, उलट तिला जोर येतो. २०१३ मध्ये नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने हे सरकारलाच लिहून दिलं. कारण साधं आहे. कुरणावरून निम्मे घोडे उचलले की उरलेल्यांना चारा दुप्पट. घोडी अंगाने भरते, दरवर्षी माजावर येते, गाभण राहते आणि तिचं शिंगरू जगतं. दोन-चार वर्षांत परत हेलिकॉप्टर बोलवायची वेळ. समितीने सांगितलं होतं की जन्मच कमी करा. त्याला आता दहा-बारा वर्षं होऊन गेली. २०२२ साली खात्याने रानातून २० हजारांवर जनावरं उचलली. त्याच वर्षी गर्भनिरोधक लस दिली ती सुमारे १,६०० जनावरांना. हे दोन आकडे आपण शेजारी शेजारी ठेवून छापायला हवे होते.

ही लस माझ्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला पीझेडपी म्हणतात. डुकरिणीच्या अंडाशयातून बीजांडाभोवतालचं आवरण वेगळं काढून ती बनवतात. घोडीला टोचली की तिच्या रक्तात त्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती तिच्या स्वतःच्या बीजांडाला वेढून बसतात आणि शुक्रजंतूला चिकटायला जागा राहत नाही. घोडी नेहमीसारखी माजावर येते, कळपात राहते, फक्त फळत नाही. आधीच गाभण असेल तर पोटातल्या शिंगराला काही होत नाही. पहिला डोस, काही आठवड्यांनी बूस्टर, मग दरवर्षी एक. टोचणं थांबवलं की बहुतेक घोड्या पुन्हा फळतात. डोसाची किंमत तीस-एक डॉलर. ती चाळीस लाखांच्या शेजारी ठेवून बघा.

रेनोच्या पूर्वेला व्हर्जिनिया रेंज नावाचे डोंगर आहेत. तिथे तीनेक हजार घोडे. ते आमच्या लेकीच्या वस्तीपर्यंत उतरतात, लोकांच्या हिरवळीवर उभे असतात, रस्त्यात आडवे येऊन अपघात होतात. (आमच्या सौभाग्यवतींना दारात आलेल्या जनावराला पोळी घातल्याशिवाय चैन पडत नाही. इथे या घोड्यांना खायला घालणं गुन्हा आहे हे त्यांना पटवताना जावयाच्या नाकी नऊ आले.) गंमत अशी की हे घोडे १९७१ च्या कायद्यात बसतच नाहीत. ती जमीन बरीचशी खासगी, म्हणून राज्याच्या दृष्टीने ही नुसती मोकाट जनावरं. केंद्राचं संरक्षण नाही, केंद्राचा पैसा नाही. आणि लशीचं सगळ्यात मोठं काम झालं ते नेमकं इथेच. २०१९ पासून घोड्यांसाठी काम करणारी एक संस्था राज्याच्या कृषी खात्याशी करार करून, स्थानिक स्वयंसेवकांच्या हातून हे करते आहे, आणि शिंगरांचा जन्म निम्म्याहून खाली आला आहे.

लेकीच्या शेजारच्या एक निवृत्त शिक्षिका या कामात आहेत. मी पशुवैद्य आहे कळल्यावर त्यांनी मला सोबत नेलं. सकाळी गोठवलेली लस बाहेर काढली. अर्धा सीसी लस आणि अर्धा सीसी तेलकट पूरक द्रव्य, दोन सिरिंज एकमेकींना जोडलेल्या, आणि दट्ट्या या बाजूने त्या बाजूला, त्या बाजूने या बाजूला, शंभर वेळा. शेवटी ते मिश्रण लोण्यासारखं घट्ट आणि पांढरं होतं. तसं झालं नाही तर लस लागू पडत नाही. मी मनात म्हटलं, आमच्या खात्यात हे काम शिपायाकडे गेलं असतं आणि शंभराचे वीस झाले असते.

मग बाईंनी वही काढली. खरं तर फोनवरचं ॲप, पण त्याआधीची हाताने लिहिलेली वहीही त्या बाळगतात. प्रत्येक घोडीचे दोन्ही बाजूंचे फोटो, कपाळावरचा टिळा, कोणत्या पायाला किती पांढरं, कोणत्या नराच्या टोळीत, मागच्या वर्षी शिंगरू होतं का, डोस कधी, बूस्टर कधी. हव्या त्या घोडीपर्यंत पोचायला आम्हाला दुपार झाली. बंदूक हवेच्या दाबाची, तिच्यातून लस भरलेला डार्ट म्हणजे उडती सुई सुटते, पल्ला चाळीसेक मीटरचा, नेम घोडीच्या मागच्या पुठ्ठ्यावर. घोडी आडवी उभी राहिली पाहिजे, मागे दुसरं जनावर नको, वारा पडलेला हवा. बाई कितीतरी वेळ नुसत्या इकडेतिकडे बघत उभ्या होत्या, घोडीकडे बघतच नव्हत्या. मग फट्. घोडीने शेपटी झटकली, चार पावलं पळाली आणि परत चरायला लागली. तिला गांधीलमाशी चावल्याइतकंही वाटलं नसावं. नंतरचा सगळा वेळ आम्ही झुडपांत पडलेला डार्ट शोधण्यात घालवला, कारण तो सापडल्याशिवाय आणि आतली लस खरोखर गेली हे पाहिल्याशिवाय वहीत नोंद करायची नाही असा बाईंचा नियम.

मी आयुष्यभर लाळ्या-खुरकुताच्या मोहिमा केल्या. पहिल्या फेरीला गाव गोळा होतं, सरपंच फोटो काढून घेतात. खरी मोहीम दुसऱ्या फेरीची. तेव्हा कुणाची सुगी चालू असते, कुणाचा बैल शेतावर, आणि अहवालात मात्र शंभर टक्के. लस कितीही चांगली असो, दुसरा डोस चुकला की पहिला वाया. ज्या भागात इथल्या खात्याने घोड्यांची ही लस वापरली आणि 'गुण येत नाही' म्हणून सोडून दिली, तिथली जुनी नोंदवही मला बघायला मिळाली तर पहिली नजर मी बूस्टरच्या रकान्यावर टाकीन.

आता, व्हर्जिनिया रेंजचा गुण सगळीकडे येईल असं मी म्हणत नाही. तिथले घोडे माणसाला सरावलेले, जवळ जाऊ देतात. मध्य नेवाड्यात कळप मैलभर अंतरावरून गाडीचा धुरळा पाहूनच उधळतो, तिथे चाळीस मीटरवर कोण जाणार? अशा ठिकाणी गोनाकॉन नावाची दुसरी लस आहे. तिचा पहिला डोस दिला, महिनाभर ठेवून घेऊन बूस्टर दिला, की काही वर्षं बघायला नको. त्यासाठी घोडी एकदा तरी पकडावी लागते. जमेल तिथे पाण्यावर किंवा चाऱ्यावर सापळा लावून, नाहीच जमलं तर हेलिकॉप्टरनेसुद्धा. माझा हेलिकॉप्टरला सरसकट विरोध नाही, हे वाचून आपल्या पहिल्या पत्रलेखकांना वाईट वाटेल. विरोध आहे तो इतका खर्च करून पकडलेली घोडी लस न देता एक तर दावणीला बांधण्याला, नाहीतर तशीच परत सोडण्याला.

मेरीलँडच्या किनाऱ्यावर असाटीग नावाचं बेट आहे. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने १९९४ पासून ही लस नेमाने वापरली. कळप वाढत वाढत पावणेदोनशेच्या आसपास गेला होता, आता शंभराच्या आत आहे. एकही हेलिकॉप्टर नाही, कोंडवाडा नाही. पण वेळ लागला, वीस-एक वर्षं. कारण ज्या घोड्या व्यायच्या थांबल्या त्या अंगाने धडधाकट राहिल्या आणि आधीपेक्षा कितीतरी जास्त जगल्या. वीस वर्षांत अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या पाच निवडणुका होतात. हेलिकॉप्टर मात्र आठवड्यात हजार घोडे उचलून दाखवतं, फोटोसकट. कोणत्या कामाला पैसा मिळणार हे सांगायला नको.

पशुपालकांबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र एकतर्फी होईल. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्याच साडेपंधरा कोटी एकरांवर गुरं-मेंढ्या चारायचे परवाने आहेत. घोड्यांचा मुलूख त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही नाही, आणि त्या मुलखातही गुरं चरतात. चराईचा दर २०१९ पासून २०२५ पर्यंत गाय-वासराच्या जोडीला महिन्याला एक डॉलर पस्तीस सेंट. खासगी कुरणावर याच्या पंधरापट मोजावे लागतात. तेव्हा 'घोड्यांनी कुरण खाल्लं' असं म्हणताना गुरांच्या वाट्याचा हिशेबही मांडायला हवा, आणि तो मांडायचं राजकारण्यांना धाडस होत नाही. पण दुसरी बाजूही खरी आहे. दुष्काळात खातं परवानेवाल्याला गुरं हलवायला सांगू शकतं, ती हंगाम संपला की खाली उतरतात आणि कुरणाला श्वास घ्यायला उसंत मिळते. घोडा बारा महिने तिथेच. त्याला नोटीस कुणी द्यायची? आपल्याकडे कुरण राखायचं म्हणजे चराईबंदी. धनगर तेवढे महिने मेंढरं दुसरीकडे नेतात. रानघोड्यांच्या कुरणाला राखण नावाची गोष्टच नाही.

राहिलं दुसरं पत्र, गोळ्या घालण्याचं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने २०२३ मध्ये कोसियुस्को उद्यानातल्या रानघोड्यांवर हेलिकॉप्टरमधून गोळ्या झाडायला परवानगी दिली. तिथली डोंगरमाथ्यावरची पाणथळ माती, दुसरीकडे कुठे न सापडणारे बेडूक, आणि घोड्यांची काही हजारांनी वाढलेली संख्या बघता त्या सरकारचा नाइलाज मला समजतो. अमेरिकेत १९७१ च्या कायद्यात जास्तीची जनावरं मारायची तरतूद आहेच, पण संसद अर्थसंकल्पात दरवर्षी कलम घालून निरोगी घोडे मारायला पैसाच देत नाही. लोकांना ते नको आहे. आणि समजा उद्या परवानगी मिळाली, निम्मे मारले. २०१३ च्या अहवालात जे पकडण्याबद्दल लिहिलंय ते मारण्यालाही तसंच लागू पडतं. उरलेल्यांना चारा दुप्पट.

आपल्याकडे कुत्र्यांच्या नसबंदीचे २०२३ चे नियम आहेत, त्यावर आपल्याच दैनिकात रोज काही ना काही छापून येतं. वॉर्डातल्या निदान सत्तर टक्के कुत्र्यांची नसबंदी झाल्याशिवाय पिलांची संख्या हलत नाही हे त्या कामातला कुणीही सांगेल. तरी टेंडर निघतं ते 'इतकी कुत्री पकडली' या मोजमापावर. कोणत्या गल्लीतली किती राहिली, हे कुणी विचारत नाही. वॉशिंग्टनचं आणि आपल्या महापालिकेचं इथे अगदी छान जुळतं.

शेवटी एक सूचना. हे खातं दरवर्षी १ मार्चच्या तारखेने रानातल्या जनावरांचा अंदाज जाहीर करतं, आणि पुढच्या वर्षी आपण तो आकडा छापालच. त्याच्याबरोबर त्या वर्षी किती उचलली, किती घोड्यांना पहिला डोस मिळाला आणि त्यांतल्या किती जणींना बूस्टर मिळाला, हे तीन आकडेही छापावेत. बूस्टरचा आकडा पत्रकात सहजी सापडणार नाही, तो मागून घ्यावा लागेल. आपल्या वार्ताहरांना मदत हवी असल्यास मी जूनअखेरपर्यंत रेनोतच आहे.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी
(नाव व पत्ता संपादकांकडे)